कराड ते पुणे आणि परत: लेकीचं दुर्बिणीचं ऑपरेशन

मुलाचं दुर्बिणीचं ऑपरेशन करायला गावाहून शहरात जाणार असाल, तर परतीच्या गाडीची वेळ सगळ्यात शेवटी ठरवा. आमची लेक सहा वर्षांची, हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, असं सांगितल्यावर सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की रात्रीचं जेवण कराडला. मोडता घातला तो भूलतज्ज्ञ बाईंनी, आणि बरं झालं घातला.

आदल्या दिवशीच पुण्यात पोहोचा. पहाटे निघून उपाशी पोराला एवढा प्रवास घडवण्यात काही अर्थ नाही. जेवण, दूध ऑपरेशनच्या आधी सहा तास बंद. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमक्या वेळा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर आजीच्या मायेनं एखादं बिस्किट पोटात जातं आणि ऑपरेशन पुढं ढकललं जातं. आम्ही धनकवडीला बहिणीकडे उतरलो.

वजन मात्र नीट करून न्या, अंदाजे सांगू नका. लेकीला आत नेण्याआधी तिचं वजन पुन्हा केलं, १८ किलो. आधीच्या कागदावर होतं की, असं मी म्हटलं, तेव्हा बाईंनी कारण सांगितलं. पूर्ण भूल असतानाच, टाके घालायच्या वेळी, दुर्बीण आणि अवजारं घातलेल्या छिद्रांच्या कडेला बुपिवाकेन नावाचं बधिर करणारं औषध टोचतात. एक किलो वजनाला जास्तीत जास्त अडीच मिलिग्रॅम. ०.२५ टक्क्यांचं औषध असेल तर किलोला एक मिली, म्हणजे हिला सगळ्या छिद्रांत मिळून १८ मिली ही शेवटची हद्द. त्यापलीकडे गेलं, किंवा चुकून रक्तवाहिनीत शिरलं, तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून वजन.

आता परतीचं गणित. हे इंजेक्शन साधारण चार ते आठ तास काम करतं. दहाच्या सुमारास टोचलं तर दुपारी दोन ते संध्याकाळी सहाच्या मध्ये कधीतरी उतरणार. डिस्चार्ज साधारण चारला! म्हणजे पोर हसतखेळत गाडीत बसणार आणि खंबाटकीच्या आसपास कळवळायला लागणार. डिस्चार्ज देताना मूल शांत दिसतं, ते बऱ्याचदा इंजेक्शनच्या जोरावर. तेव्हा मुक्काम वाढवा. निघण्याआधी एवढं विचाराच: औषध किती वाजता दिलं, आणि कुठं दिलं? काही ठिकाणी सोनोग्राफीत बघून पोटाच्या स्नायूंच्या थरात देतात, काही ठिकाणी माकडहाडापाशी. माकडहाडाजवळ दिलं असेल तर पाय काही तास जड राहू शकतात. पोराला एकट्याला जिना उतरू देऊ नका.

दुखायला लागल्यावर सिरप शोधायचं, ही आपली सवय. इथं ते उलटं करायचं. इंजेक्शन उतरायच्या आत पहिला डोस पोटात हवा, आणि पहिले एक-दोन दिवस रडण्याची वाट न बघता घड्याळ लावून. ऑपरेशनच्या वेळी सलाईनमधून पॅरासिटामॉल दिलं होतं का, तेही विचारा, त्यावरून पुढची वेळ ठरते. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पॅरासिटामॉल सिरप ५ मिली’ एवढंच. कुठलं? दुकानात १२० ची बाटली मिळते आणि २५० चीही, दोन्ही आकडे पाच मिलीतल्या मिलिग्रॅमचे. किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर हिला २७० लागतात. २५० च्या बाटलीतून पाच मिली ठीक, १२० च्या बाटलीतून तेवढंच दिलं तर निम्मंसुद्धा औषध जात नाही. तेव्हा डोस मिलिग्रॅममध्ये लिहून मागा; दोन डोसांत सहा तास. आयबुप्रोफेन हे दुसरं दुखण्याचं औषध सोबत दिलं असेल तर एक बघा: दोन्ही औषधं एकत्र असलेली सिरपं बाजारात सर्रास आहेत. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं की डोस दुप्पट. निमेसुलाइड हे दुखण्या-तापाचं औषध मुळीच नको. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे.

रात्री लेक म्हणाली, “आई, खांदा दुखतोय.” पोटाचं ऑपरेशन आणि खांदा? बहीण घाबरली, पण मला आधी सांगितलेलं होतं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा चाळवला जातो, आणि पडद्याची नस मानेतून येत असल्यानं दुखणं खांद्यावर जाणवतं. छिद्रांपाशी टोचलेल्या औषधाचा याला उपयोग नाही. आडवं ठेवलं, सिरपची वेळ झालीच होती, ते दिलं. एक-दोन दिवसांत हे आपोआप जातं. बेंबीच्या टाक्यापेक्षा तिला खांद्याचाच त्रास जास्त झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्टा आणि औषध झाल्यावर अर्ध्या तासानं निघालो. एसटी नको, शक्यतो गाडीच करा. पोट आणि सीटबेल्टच्या मध्ये छोटी उशी, चालकाला गतिरोधकावर हळू घ्यायला आधीच सांगून ठेवायचं, आणि खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. उलटीसाठी पिशवी हाताशी. वाटेत थांबून चार पावलं चालवा, पण वडापाव राहू द्या.

हॉस्पिटलचा रात्री उचलला जाणारा नंबर फोनमध्ये ठेवा. हिरवी उलटी, फुगत चाललेलं पोट, ताप, लाल होऊन पू येणारी जखम, आठ तासांत लघवी नाही, किंवा औषध देऊनही वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता फोन करा. आणि तुम्ही शिरवळपर्यंतच पोहोचला असाल तर सरळ गाडी मागे वळवा.