फ्रिजच्या ट्रेमधली लाल माती

आषाढातला पाऊस लागला की देवरुखात माझा फोन थांबत नाही. हवेत दमटपणा आणि फ्रिजमधून पाणी, घरोघरी हीच तक्रार. बहुतेक ठिकाणी दाराचं रबर सैल झालेलं असतं नाहीतर नळी तुंबलेली असते. काम लगेच उरकतं. गेल्या पावसाळ्यातलं एक घर मात्र डोक्यातून जात नाही.

काकांना डायबिटीस. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून काकू हवालदिल झालेल्या. आधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. "गॅस लीक आहे, कॉम्प्रेसरही जाणार," म्हणून त्याने भलामोठा आकडा सांगितला होता. "नवाच घेऊ काय रे?" काकूंनी विचारलं.

असल्या निदानाचा मला संताप येतो. गॅस गेला की थंडावा जातो, त्याचं पाणी होऊन लादीवर येत नाही. इथे तर फ्रीजरमधला बर्फ घट्ट होता.

लादीवरच्या पाण्यात हात घातला. थंडगार! मागचा ट्रे भरून सांडला असता तर पाणी कोमट लागलं असतं, कारण तो ट्रे कॉम्प्रेसरच्या डोक्यावर असतो आणि त्याच्याच उष्णतेने त्यातलं पाणी उडून जातं. म्हणजे पाणी आतूनच येत होतं. भाजीचा खण बाहेर ओढला, तर खाली तळं.

बाटल्या शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये पाठवल्या, प्लग काढला आणि फ्रीजरची मागची प्लेट उघडली. कॉइलवर, म्हणजे थंडावा देणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, वरपासून खालपर्यंत सारखं पांढरं हिम होतं. गॅस कमी असता तर ते अर्ध्यावरच थांबलं असतं. कॉइलखालच्या पन्हळीत मात्र बर्फाची लादी धरली होती. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर काही तास चालला की हीटर लागतो, कॉइलवरचं हिम वितळतं आणि पाणी पन्हळीतल्या भोकातून नळीने मागच्या ट्रेत उतरतं. ते उतरतच नव्हतं.

"रात्रभर बंद ठेवला की चार दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच," काकू म्हणाल्या. इथेच मला खरा धागा सापडला. बर्फ हे मूळ दुखणं नव्हतं. कुठेतरी पाणी रेंगाळत होतं, म्हणून ते गोठत होतं. सुरीने बर्फ खोदायचा मोह अनेकांना होतो. तसं कधीही करू नये; कॉइलला भोक पडलं तर गॅस बाहेर येतो, आणि बहुतेक नव्या फ्रिजमधला आर-600ए गॅस पेट घेणारा असतो. मी सिरिंजने कोमट पाणी सोडून बर्फ विरघळवला. भोक मोकळं झालं, तरी पाणी थेंबथेंबच उतरत होतं.

फ्रिज भिंतीपासून ओढला. ट्रेच्या तळाशी लाल माती बसली होती. फ्रिजच्या ट्रेत जांभ्याची माती येणार कुठून?

"मधे फ्रिज बंद होता का?"

"मे महिनाभर आम्ही पुण्याला लेकीकडे होतो की."

नळीच्या तोंडाचं रबर केव्हाच गळून पडलेलं. मऊ प्लास्टिकची पट्टी आत सरकवली, तर पचकन चिखल बाहेर आला. त्यात कोळ्यांचे पाय आणि कागदासारखा पातळ, तपकिरी कोश. कुंभारीण माशी! ही कोळ्यांना डंख मारून लुळं करते, मातीच्या घरात कोंबते आणि त्यांच्यावर अंडं घालून तोंड लिंपून टाकते. महिनाभर कोरडी पडलेली नळी तिला आयतीच सापडली होती. नंतर फ्रिज सुरू झाला, माती भिजली, थोडी वाहून ट्रेत आली आणि उरलेल्या गाळाने वाट अडवली.

नळी धुतली, नवं रबर बसवलं. पन्हळीत पेलाभर पाणी ओतून काकांना मागे कान द्यायला सांगितलं. "पडतंय, धो धो पडतंय!" ते ओरडले.

कोश काकांनी कागदाच्या पुडीत बांधून ठेवला, नातवाला दाखवायला. काकूंना मी सांगितलं, पुढच्या मे महिन्यात पुण्याला निघाल्या की फ्रिज पुसून दार किलकिलं ठेवा, आणि नळीचं रबर जागेवर आहे ना, एवढं काकांना मागे वाकून बघायला लावा.