पत्रे, पाटल्या आणि पाच टक्के

7 जून 2025, आंजर्ले

यंदा पाऊस मृगाची वाट न पाहता मे महिन्यातच कोकणात उतरला आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, निम्मी खरेदी छत्री सांभाळत करावी लागली. तांदूळ, मिरच्या, सोडे, सुके बोंबील आणि आमसुले यांचा हिशेब आज वहीत उतरवला. एकूण 11,400 रुपये, सगळे रोख. पाच वर्षांपूर्वी याच आठवड्यात मी पहिल्यांदा मोठ्या रकमेसाठी क्रेडिट कार्ड पुढे केले होते, म्हणून ती गोष्ट आजच लिहून ठेवावीशी वाटली.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या आणि घरावरची कौले अंगणात आणून टाकली. मदत येईपर्यंत पाऊस थांबणार नव्हता, म्हणून पत्रे आणि लोखंडी अँगल कार्डावर घेतले. मजुरीसाठी त्याच कार्डावर एटीएममधून रोख रक्कमही काढली. रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज लागते आणि वर शुल्कही पडते, हे पुढच्या बिलात कळले. छप्पर गरजेचे होते, त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. चूक त्यानंतर सुरू झाली.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ असा एक आकडा असायचा. तेवढा भरला की विलंब शुल्क लागत नसे, फोनही येत नसे, आणि मी स्वतःला वेळेवर पैसे भरणारा सज्जन समजत असे. त्यातच गणपतीचा किराणा आणि मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठीचा मोबाइल कार्डावरच घेतला, कारण 50 दिवसांपर्यंत बिनव्याजी असे मनात पक्के बसले होते. प्रत्यक्षात मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर ही सवलतच राहत नाही आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. म्हणजे त्या वर्षीच्या मोदकांच्या गुळावरही मी व्याज भरले.

फेब्रुवारी 2022 मध्ये बाकी 80,000 रुपये झाली. एका रात्री आईने विचारले, “काय रे, हे कर्ज फिटतंय की नुसतं फिरतंय?” उत्तर देण्यासाठी मी पहिल्यांदाच कागद घेऊन बसलो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,800 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 504, एकूण 3,304. मी भरत होतो ती 5 टक्के किमान रक्कम, म्हणजे 4,000 रुपये. मूळ बाकीतून महिन्याला जेमतेम 696 रुपये वजा होत होते. महिन्याला साडेतीन हा आकडा किरकोळ वाटतो; वर्षाला बेचाळीस म्हटले की गावातला जुना सावकारही दयाळू वाटू लागतो.

वसुलीचे काम करणाऱ्या ओळखीच्या एकाने नंतर ‘सेटलमेंट’ सुचवले होते. थोडी रक्कम माफ होते, हे खरे; पण पतअहवालात खाते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती नोंद आडवी येते, म्हणून मी नकार दिला. मार्ग आईनेच काढला. “पाटल्या माझ्या कपाटात असल्या काय नि बँकेत असल्या काय,” एवढेच म्हणून तिने त्या रुमालात बांधून दिल्या. सोनेतारण कर्ज वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी मिळाले. तेवढ्याच 80,000 रुपयांवर आता पहिल्या महिन्याचे व्याज साधारण 633 रुपये होते. मार्च 2022 पासून दरमहा 6,000 रुपये भरत गेलो आणि पंधराव्या हप्त्याला, मे 2023 मध्ये, पाटल्या घरी आल्या. त्या रात्री आईने त्या घालून भाकऱ्या थापल्या. एरवी ती लग्नकार्याशिवाय त्या काढत नाही.

कार्ड मात्र मी लगेच बंद केले नव्हते. ‘अडीअडचणीला असू दे’ हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघाले, याचे आता हसू येते. 2022 च्या गणपतीत खिशातले कार्ड पुन्हा हातात आले तेव्हा मीच घाबरलो आणि सप्टेंबरमध्ये ते बंद करण्याचा अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, नाहीतर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो. तो नियम जुलै 2022 पासूनच लागू झाला होता. अर्जात त्याचा उल्लेख केला आणि कार्ड पाचव्या दिवशी बंद झाले. कार्डाच्या व्याजाला वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा असावी, असा ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल होता. तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. दर कोणी आपल्यासाठी कमी करील, या आशेवर राहण्यात आता अर्थ नाही.

पगार झाला की 2,000 रुपये गणपतीच्या आवर्ती ठेवीत आणि 1,000 छपराच्या डब्यात जातात. मागच्या पिढीने आगोटीसाठी जे केले तेच मी करतो आहे; फक्त मधली काही वर्षे कार्डाने ते विसरायला लावले होते.

सकाळपासून पत्र्यावर पाऊस वाजतो आहे आणि पडवीच्या कोपऱ्यात थेंब पडू लागला आहे. दोन-तीन खिळ्यांखालचे वायसर गेले असावेत. सुतार 1,200 रुपये मागतो आहे. डब्यात 9,000 आहेत. पाऊस जरा उघडला की त्याला वर चढवायचे आहे.