लेंगी टिकेल, ढावलोचं काय?

गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा लोकांची बोली, धोक्यात आहे म्हटलं की लोक हसतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. 2011च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (आमच्या बोलीचीच ही नावं) ही मातृभाषा सांगणारे 32 लाखांवर आहेत. मोजलेत मात्र हिंदीच्या पोटात. ब्रिटिशकाळात ग्रियर्सननं केलेल्या भाषांच्या पाहणीत, 1907च्या खंडात, हीच बोली भिल्ली भाषांच्या शेजारी होती. आम्हाला कुठल्या पंगतीत बसवायचं हे काही ठरत नाही!

पण मुखेड तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर बघाल तर लेंगी, म्हणजे होळीची गाणी, जोरात आहे, यूट्यूबवर ढिगानं सापडते. ढावलो मात्र गेल्यात जमा. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. याडीचा, म्हणजे आईचा, वेगळा, बापूचा वेगळा, भावाचा वेगळा. पूर्वी मोठ्या बायका पोरीला आधीपासून शिकवायच्या. आता नवरीचा मेकअप दोन तास चालतो, तो कोण पुसू देणार?

माझ्या आत्याला सगळे ढावलो येतात. दिवाळीत फोन समोर ठेवून म्हण म्हटलं, तर म्हणाली, "कामून रडू? कोणाचं लगीन हाय?" बिनलग्नाचं रडगाणं घरात नको, हा तिचा हिशोब. आणि लग्नं उन्हाळ्यातच. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, साखर कारखान्याला जातात, तांड्यावर म्हातारी माणसं तेवढी उरतात. म्हणून नोंदी करायला यायचं तर चैत्र-वैशाखातच यावं.

शेवटी चुलतबहिणीच्या लग्नात जमलं. नवरीला दोन ओळींपुढं येईना, म्हणून आत्यानंच तिला कवेत धरून गायलं. रेकॉर्डिंगमध्ये डीजे आहे, कुणीतरी वऱ्हाडाला जेवायला बोलावतंय तेही आहे. राहू दे. खरा ऐवज दुसऱ्या दिवशी मिळाला. आत्याला तेच ऐकवलं आणि ओळीओळीला थांबवून अर्थ विचारत गेले. भावाच्या ओळीवर ती जी सुटली ती थेट स्वतःच्या लग्नावर: भाऊ तेव्हा ऊसतोडीला होता, आलाच नाही, मग त्याचा ढावलो तिनं त्याच्या बैलाच्या गळ्यात पडून म्हटला. हसत सांगत होती. ते सांगणं मला गाण्याहून मोलाचं वाटतं, कारण शिव्या, लाड, बैलाचे रंग, असली रोजची गोरमाटी गाण्यात येत नाही. गाणी जमवणारे नेमकं हेच सोडून देतात.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आमच्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकाही आहेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिण्याची त्यांची पद्धत मी उचलली. फाईलच्या नावातच तांडा, तारीख, गाणारी आणि तिला कुणी शिकवलं ते टाकते. व्हॉट्सॲपवरून फाईल पाठवत नाही, पेनड्राइव्हवर देते.

यूट्यूबवर टाकायला आत्याची सक्त मनाई आहे. "घरच्या पोरींना ऐकव, बास." तिच्यापुरतं ते मला पटतं. भाचीला ऐकवलं, तर ती मराठीत म्हणाली, "आजी एवढी का रडते?"

शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हातारीला आजीसाठीचा ढावलो येतो म्हणे, तो आत्यालाही येत नाही. तिच्या नातीचं लग्न ठरलंय. मुकादमाचा हिशोब मिटला की तारीख निघेल, मग मी रजा टाकते.