आमची वाटचाल: स्मरणिकेत न मावलेली

मी ज्या संस्थेत मॅनेजमेंट शिकलो, तिच्या माजी विद्यार्थी संघाने यंदाचा ‘उत्कृष्ट उद्योजक’ पुरस्कार मला दिला. स्मरणिकेसाठी ३०० शब्दांत वाटचाल मागितली होती. मी ९०० पाठवले. छापले १४०, आणि त्यातही ‘वडिलोपार्जित फाउंड्रीला आधुनिक व्यवस्थापनाची जोड दिली’ हे वाक्य त्यांनी पदरचं घातलं. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. वडिलोपार्जित म्हणून माझ्याकडे आलं ते एक मनगटी घड्याळ आणि सोसायटीचं कर्ज. तेव्हा आता इथे सगळं लिहितो, कुणी कात्री लावणार नाही.

१९९६ साली पुण्यातून एमबीए करून तीन वर्षं एका कंपनीच्या मटेरियल्स (खरेदी) खात्यात काढली. काम काय, तर कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना फोन करून ‘माल कधी देताय’ विचारायचं. एक गृहस्थ सँपल कास्टिंग (ओतीव भाग) पोत्यात घालून रात्रीच्या एसटीने यायचे आणि सकाळी सातला गेटवर उभे राहायचे. आमचे साहेब त्यांना अकरापर्यंत बसवून ठेवत. मला त्या गृहस्थांची दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. पोत्यात जे होतं ते त्यांनी स्वतः ओतलेलं होतं.

१९९९ ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुरुवात केली. फाउंड्री नव्हतीच. दुसऱ्याच्या क्युपोलावर (कोळशाच्या उभ्या भट्टीवर) आठवड्यातून दोन हीट (वितळवायच्या खेपा) भाड्याने घ्यायच्या, त्यांच्याच शेडच्या कोपऱ्यात बॉक्स (साच्यांच्या चौकटी) लावायचे. तिथे मोल्डिंग करणारे, म्हणजे वाळूचे साचे घालणारे मामा भेटले. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या उद्यमनगराचे मामा. शिक्षण चौथी. भागीदारी पत्रात त्यांचे २५ टक्के लिहिले तेव्हा माझ्या बॅचच्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. पुरस्काराच्या अर्जात संस्थापक म्हणून मी दोन नावं भरली होती. ‘दुसरे गृहस्थ माजी विद्यार्थी नाहीत’ म्हणून एक खोडलं. नियमाला धरून आहे, माझी तक्रार नाही. नोंद करून ठेवतोय इतकंच.

मामांची थापी अजून माझ्या टेबलावर आहे. पातं झिजून निम्मं झालंय, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. वाळूत ओल किती आहे हे ते मूठ आवळून सांगत. मूठ उघडली की गोळा राहायला हवा, मधोमध मोडला की कडा स्वच्छ तुटायला हवी, आणि तळहाताला वाळू चिकटता कामा नये. पुढे मी मॉइश्चर टेस्टर घेतला. तो ३.६ टक्के दाखवायचा आणि मामा म्हणायचे, ‘आज जरा वल्ली हाय.’ दुपारच्या कास्टिंगला पिनहोल, म्हणजे सुईएवढी भोकं. (टेस्टर खोटा नव्हता. सकाळची वाळू आणि दुपारची वाळू एक नसते, एवढंच.)

तीच गोष्ट वेजची, म्हणजे रस तपासायच्या पाचरीची. भट्टीतून पळीभर रस घेऊन पाचरीच्या साच्यात ओतायचा, गार झाला की हातोड्याने तोडायचा आणि टोकाकडची पांढरी चिल (झटकन गार होऊन कडक झालेला भाग) किती आत आलीय ते बघायचं. आता आमच्याकडे रसातले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे, सीई मीटर आहे, तरी वेज तोडल्याशिवाय लॅडल (रसाची बादली) हलत नाही. नव्याने फाउंड्री टाकणाऱ्यांना सांगतो, स्पेक्ट्रो नंतर घ्या, आधी वेज वाचणारा माणूस शोधा आणि त्याला टिकवा. विचारलं नाहीत, तरी सांगतो.

२००३ ला शिरोली एमआयडीसीत प्लॉट घेतला, २००७ ला ५०० किलोची इंडक्शन (विजेवरची भट्टी) बसवली. पुढची दहा वर्षं बरी गेली. वीजदरापायी मधे कर्नाटकात जायच्या चर्चा झाल्या, मीही दोन बैठकांना गेलो. तिथे चहा चांगला होता.

आता मुद्द्याचं.

२०१८ च्या सुरुवातीला पुण्याकडच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने फ्लायव्हील हाउसिंगचं (इंजिनच्या जड चाकावरच्या ओतीव कवचाचं) शेड्यूल दिलं, महिन्याला ६० टन. तेवढ्यावर मी १ कोटी ८० लाखांचं कर्ज काढून मोल्डिंग लाइन टाकली. ६० टनांचा आकडा ईमेलमध्ये होता, पीओमध्ये (खरेदीच्या पक्क्या ऑर्डरमध्ये) नव्हता. खरेदी खात्यात तीन वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक कळायला नको? कळत होता. डोळे झाकले.

२०१९ उजाडलं आणि वाहन उद्योग बसला. जूनपर्यंत ६० चे १४ टन झाले. बिलं ९० दिवसांवरून १५० वर गेली. या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण बँक ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (उचलता येईल त्या रकमेच्या हिशोबात) धरत नाही. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून तुमची लिमिट घटते, आणि लिमिट घटली म्हणून स्क्रॅप (वितळवायचं भंगार) उधार मिळत नाही. एकाच उशिराचा मार दोनदा. एमबीएच्या वर्गात वर्किंग कॅपिटल सायकलचं (खेळत्या भांडवलाच्या फेऱ्याचं) गोल चित्र मीच फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि शाबासकी घेतली होती. त्या चित्रात सगळे बाण सारख्या लांबीचे होते.

जुलैत रिजेक्शन आलं. पावसाळ्यात कोअर (कास्टिंगमधली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) नीट भाजले गेले नाहीत, ओव्हनचा थर्मोकपल (तापमापक) चुकीचं दाखवत होता. मशीनिंगनंतर ब्लो होल (आत अडकलेल्या वायूची भोकं) उघडे पडले. पहिल्या ४० पीसमधला दोष शंभर टक्के आमचा, ते तेव्हाही मान्य केलं. पण डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आली ३१२ पीसची, वर मशीनिंगचा खर्च. उरलेले २७२ परत पाठवा, कापून बघतो म्हटलं, तर स्क्रॅप केल्याचं कळवलं. स्क्रॅपचे पैसे कोणाकडे गेले हे मी आजतागायत विचारतोय.

आणि ऑगस्टमध्ये पूर. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका. त्या वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं नाही, पण जमिनीतून झिरपून भट्टीसमोरच्या पिटमध्ये (खड्ड्यात) गुडघाभर साठलं. ओळीने उभे असलेले बॉक्स भरून टाकू म्हणून शेवटची हीट लावली होती. ती माझी चूक, मामा नको म्हणत होते. ३०० किलो रस तयार आणि लाइट गेली.

फाउंड्रीतल्या माणसाला पुढचं सांगायला नको. रस भट्टीत गोठला की लायनिंग (आतलं अस्तर) गेलं, नशीब फिरलं तर भोवतीची विजेची कॉइलही जाते. एरवी अशा वेळी पिटमध्ये रिकामं करतात. पण पिटमध्ये पाणी, आणि पाण्यावर रस पडला तर शेड उडते. छोटा जनरेटर कॉइलच्या पाण्याच्या पंपापुरता होता, त्यावर भट्टी कलती करायचा हायड्रॉलिक पंप चालेना. मामा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी कूलिंग वरच्या टाकीवर वळवलं, जनरेटर हायड्रॉलिकला जोडायला लावला आणि बॅटरीच्या उजेडात हातपळ्यांनी रस बॉक्सात घेतला. निम्म्या बॉक्सांत कोल्ड शट (गार रस न जुळल्याची भेग) होणार हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोललं नाही. चाळीस मिनिटांत भट्टी रिकामी झाली. मामांच्या डाव्या पायावर ठिणगीचा रुपयाएवढा डाग आहे, तो त्या रात्रीचा.

पाणी ओसरल्यावर हातात काहीच नव्हतं. कामगारांचा पगार थकला, बँकेचा दुसरा फोन येऊन गेला. तेव्हा जयसिंगपूरचे पंपवाले काका आले. माझं पहिलं गिऱ्हाईक. महिन्याला दोन टन, पंपाचं केसिंग आणि इम्पेलर (कवच आणि आतला पंखा), पेमेंट दहा तारखेला. वीस वर्षांत अकरा तारीख उजाडली नाही, आणि वीस वर्षांत एकदाही त्यांनी दर वाढवताना कटकट केल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी चार लाखांचा चेक टेबलावर ठेवला. कागद करू म्हटलं तर म्हणाले, ‘कागद करून तू बुडवायचं थांबणार आहेस का? लाइन सुरू झाली की माझं पॅटर्न पहिलं चढव.’ ते सागवानी पॅटर्न (ज्याचा वाळूत ठसा घेतात तो नमुना) होतं, लाखेचा थर उडालेलं. पहिलं तेच चढवलं. बाकीचं हळूहळू उभं राहिलं, मग लॉकडाउन आला, तोही गेला.

आता राहिली पुरस्काराची गोष्ट. त्याच २०१९ च्या डिसेंबरात संघाचा ‘उत्कृष्ट व्यवस्थापक’ पुरस्कार आमच्याच बॅचच्या एकाला मिळाला होता. तो त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे खरेदीचा प्रमुख. मानपत्रात लिहिलं होतं की त्याने कंपनीच्या खेळत्या भांडवलात ४० दिवसांची बचत केली. ते ४० दिवस कुठे गेले हे मला ठाऊक आहे. माझ्या बँकेतल्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यावर, साडेअकरा टक्क्यांनी.

माणूस वाईट नाही. हॉस्टेलला माझ्या शेजारच्या खोलीत होता, परीक्षेच्या काळात माझ्यासाठी चहा आणायचा. त्याला वरून टार्गेट होतं, त्याने पुरं केलं. पण परीक्षक मंडळाला सुचवावंसं वाटतं, व्यवस्थापकाला बक्षीस देण्याआधी त्याच्या तीन सप्लायरना एकेक फोन करा.

धाकट्या उद्योजकांना आणखी एक. उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची मुदत होतीच, उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याजही होतं, पण तक्रार करून गिऱ्हाईक कोण घालवणार? २०२३-२४ पासून आयकराच्या नियमामुळे (तेव्हाचं कलम ४३बी(एच)), सूक्ष्म-लघु उत्पादकाचं देणं मुदतीत दिलं नाही तर गिऱ्हाइकाला ती वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. तेव्हापासून मार्च महिन्यात लोक आपणहून फोन करतात. आम्ही अनुभवलंय.

समारंभाला मामांना घेऊन पुण्याला गेलो. ट्रॉफी हातात आल्यावर त्यांनी ती उलटी केली, चष्मा वर सरकवून कडेने अंगठा फिरवला. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ) शोधत होते. ‘वतल्यालं न्हाई मालक,’ म्हणाले, ‘पत्रा दाबल्याला हाय.’ पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले.

जेवणाच्या वेळी बॅचवाला भेटला, मनापासून अभिनंदन केलं, मामांच्या पाया पडला. गेल्या आठवड्यात त्याच्या खात्याकडून नव्या हाउसिंगची चौकशी आली, महिन्याला २५ टन. मी कोटेशन पाठवलंय. पेमेंटच्या रकान्यात निम्मे आगाऊ, उरलेले ४५ दिवसांत. अजून उत्तर नाही. काकांचे दोन टन दहा तारखेला लोड झाले.