काल भाऊबीज, आज ही पदयात्रा

लेस्टर, 10 नोव्हेंबर 2018.

सकाळी शेजारच्या आजोबांना फराळाचं ताट द्यायला गेले तर ते निळा मफलर गुंडाळून दारातच उभे. "येतेस?" म्हणाले. चपला बदलल्या नि निघाले. मला फुटबॉलमधलं ऑफसाइड अजून कळत नाही, हे आधीच सांगते.

ज्युबिली स्क्वेअरपासून स्टेडियमपर्यंत हजारो माणसं चालत होती. लेस्टर सिटी या इथल्या फुटबॉल क्लबचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभांसाठी. (नाव किती आपलं वाटतं ना? थायलंडच्या राजाने दिलेलं आहे ते.) 27 ऑक्टोबरला सामना संपल्यावर मैदानातूनच त्यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि शेजारच्या कार पार्कात कोसळलं. पाचही जण गेले. दुसऱ्या दिवशी तिथे फुलांच्या ढिगात कुणीतरी गणपतीची तसबीर ठेवली होती.

2010 मध्ये विचाईंनी क्लब घेतला तेव्हा "कोण हा ड्युटी फ्री दुकानवाला?" असं आजोबाच म्हणाले होते म्हणे. मग 2016 ला सट्टेबाजांनी जिंकण्याचा 5000 ला 1 असा भाव लावलेली ही टीम प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची फुटबॉल स्पर्धा, जिंकली. विचाईंनी लहान मुलांच्या हॉस्पिटलला 20 लाख पौंड दिले. स्वतःच्या वाढदिवसाला प्रेक्षकांना फुकट बिअर आणि केक! आजोबांना त्यातलं बिअरचंच जास्त आठवतं.

सामना बर्नलीशी, 0-0. संध्याकाळी आजोबा परतले तेव्हा कोटाच्या खिशातून अर्धी चकली निघाली.

"शांतता पाळताना कुरकुरीत आवाज झाला असता," म्हणाले.