सहावीचा वर्ग, पंखे आणि श्रवणयंत्र

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. पुस्तकवाटप, हजेरीपट, बैठका सगळं एकदम अंगावर येतं. त्याच धांदलीत कळलं की माझ्या सहावीत एक कर्णबधिर मुलगी येणार आहे. दोन्ही कानांना श्रवणयंत्र, उच्चार थोडे अस्पष्ट, पण गोष्टी सांगायची भारी हौस. मी नागपुरात मराठी आणि इतिहास शिकवते. तिच्यासाठी तयार होताना काय शिकले आणि कुणाकडून, ते लिहिते आहे, कारण अशा वेळी कुणाला विचारायचं हेच बहुतेक शिक्षकांना माहीत नसतं.

आधीचं प्रशिक्षण सभागृहातलं होतं. १९९५ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे ७ प्रकार २०१६ च्या कायद्यात २१ झाले, सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, असं सगळं. हे शिक्षकाला ठाऊक असायलाच हवं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळू शकतात, हे पालकांना बहुधा आपल्याकडूनच कळतं. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा समावेशक वर्गाविषयीचा भागही मी मन लावून केला. पण उद्या पहिल्या तासाला मी वेगळं काय करू, ते अजून कळलेलं नव्हतं. २१ प्रकार ऐकून आलेल्या शिक्षकासमोर शेवटी एक मूल बसलेलं असतं, आणि त्या एका मुलाबद्दल बोलणारं माणूस त्याला हवं असतं.

मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाच्या शहर साधन केंद्राकडे अर्ज दिला, पाठपुरावा केला, आणि फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. मॅडम मागच्या बाकावर बसून अख्खा तास बघत राहिल्या. नंतर पहिल्यांदा बोलल्या त्या पंख्यांबद्दल.

श्रवणयंत्र माझा आवाज वाढवतं, तसाच पंख्याचा, सरकणाऱ्या बाकाचा आणि रस्त्यावरच्या हॉर्नचाही. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, असं होत नाही. बोलणारा जवळ, एकदोन मीटरवर असेल तर उत्तम. अंतर वाढलं की शब्द गोंगाटात बुडतात. आता नागपुरात पंखे बंद ठेवून वर्ग चालवणं केवळ अशक्य! म्हणून खडखडणारा पंखा दुरुस्त करून घेतला, बाकांच्या पायांना रबर लावलं, आणि तिची जागा खिडकीपासून दूर, दुसऱ्या रांगेत भिंतीलगत केली. तिथून जरा वळलं की बाकीच्या मुलांचे चेहरेही दिसतात. ते का गरजेचं, हे मॅडमनी समजावलं: दुसऱ्या मुलाचं उत्तर तिला ऐकू गेलं नाही, तर चर्चेचा धागाच सुटतो. तेव्हापासून मुलांची उत्तरं मी एकदा मोठ्याने पुन्हा म्हणते. गंमत म्हणजे याचा फायदा मागच्या बाकांनाही झाला.

श्रुतलेखनातल्या चुकांचं कोडंही त्यांनीच सोडवलं. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. पाळ, बाळ, माळ हे शब्द आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणून बघा. म्हणून आता मी सुटे शब्द न देता पूर्ण वाक्य देते, फळ्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड ठेवून. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. सवय लागायला वेळ लागतो, पण लागते.

सगळ्यात उपयोगी पडले ते सहा आवाज: आ, ई, ऊ, म, स, श. ही डॅनियल लिंग या तज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी. सकाळी तोंडावर कागद धरून एकेक आवाज काढायचा, ऐकू आला तसा तिने म्हणून दाखवायचा. मिनिटभराचं काम. एखादा आवाज चुकला की बॅटरी आणि कानात बसणारा साचा तपासायचा. पावसाळ्यात घामाने, दमटपणाने यंत्र कुरकुरतं, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत डबीत ठेवायला घरी सांगितलं.

त्यावर तिचे वडील म्हणाले, “मॅडम, घरी आली की मशीन काढूनच ठेवते जी. डोकं दुखते म्हणते.” हा हट्ट नव्हता. दिवसभर कान आणि डोळे ताणून ऐकलेल्या मुलीचा तो थकवा होता. त्यानंतर ऐकण्याच्या तासाला लागून लिहिण्याचं किंवा चित्राचं काम ठेवायला आम्ही सुरुवात केली.

२०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेत प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे, उच्च प्राथमिकला १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं आहे. हे प्रमाण प्रत्यक्षात यायलाच हवं. आमच्या मॅडम कितीतरी शाळा फिरतात. एका वर्गाच्या वाट्याला त्या क्वचितच येतात. सभागृहातलं भाषण जरूर ठेवा, पण त्यापाठोपाठ कुणीतरी माझ्या वर्गात येऊन बसायला हवं. शिकवणं मी करेन. काय बदलायचं, ते दाखवणारं माणूस हवं.

वर्ष संपताना सातवीचे वर्गशिक्षक माझ्या तासाला येऊन बसले. सहा आवाज, बसण्याची जागा, बॅटरी कुठे मिळते, सगळं त्यांनी उतरवून घेतलं. शाळा उघडल्या उघडल्या विशेष शिक्षिकांनी त्यांच्या वर्गात यावं, असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून आत्ताच दिला आहे.