नाकावर खूण नव्हती

मी खुर्चीत बसेपर्यंत पेशंट मुलीच्या वडिलांनी कागद टेबलावर पसरलाही होता. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, वक्रता दाखवणारा टोपोग्राफीचा नकाशा, खालचा अर्धा भाग लालभडक. कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं, 'केराटोकोनस, क्रॉसलिंकिंग करावं'. म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार, आणि तो वाढू नये म्हणून कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार. मुलगी 22 वर्षांची. खरं सांगायचं तर माझ्याही मनाने तिथेच मान डोलावली होती.

मग नकाशाच्या रंगांच्या स्केलकडे लक्ष गेलं. ती सापेक्ष होती. म्हणजे त्या डोळ्यातला सर्वांत सपाट भाग निळा आणि सर्वांत वक्र भाग लाल, मग दोन्हींतला फरक कितीही किरकोळ असो. अशा स्केलवर निरोगी डोळाही भेसूर दिसतो. आमच्या यंत्रावर ठरावीक स्केलने नकाशा काढला. लाल गेलं, नारिंगी मात्र उरलं. वक्रता खाली 46.8 डायॉप्टर, वर 43.2. म्हणजे नुसता रंगांचा खेळ नव्हता.

पण बाकीचं जुळेना. सर्वांत पातळ जागी जाडी 541 मायक्रॉन, म्हणजे व्यवस्थित, आणि ती जागाही जवळपास मध्यावर. मागचा पृष्ठभाग व्यवस्थित. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून पाहायच्या यंत्रावर, या आजाराच्या ना रेषा, ना तपकिरी कडं. केराटोकोनसमध्ये पुढचा फुगवटा, मागचा फुगवटा आणि पातळपणा बहुधा एकाच जागी गाठ पडतात. इथे तक्रार फक्त पुढच्या पृष्ठभागाची.

तिने चष्मा काढला, उणे सहाचा. नाकावर पॅडची खूणच नाही!

"चष्मा रोज लावता?"

"छे, लेन्स असते. सेमीसॉफ्ट. इथे यायचं म्हणून सकाळी काढली."

सात वर्षं, रोज बारा तास. नावाला सेमीसॉफ्ट, पण ही लेन्स कडक असते; ती वर सरकून बसत असेल तर वरचा कॉर्निया दबतो आणि खालचा फुगल्यासारखा दिसतो. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं असं नाही. 'चष्मा आहे का?' असं विचारलं, ती 'हो' म्हणाली. आमच्याही फॉर्मवर तेवढाच प्रश्न होता, हे मी त्या दिवशी पाहिलं.

लेन्स बंद केली. तिचा चेहरा पडला. तीन आठवड्यांनी खालचा आकडा 45.3, सहा आठवड्यांनी 44.4, आठव्यालाही 44.4. वरचा भागही सावरला होता. लागोपाठ दोन नकाशे सारखे आल्यावरच मी क्रॉसलिंकिंगचा विषय मिटवला, आणि वय पाहता सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

वडिलांनी तो पहिला लाल कागद चुरगळायला घेतला.

"राहू द्या," मी म्हटलं, "पुढच्या वेळी सोबत आणा."